जंगलाला जाहीरनामा, भांडवलाला कायदा

जून १९९२ मध्ये रिओ दि जानेरोच्या वसुंधरा परिषदेत हवामानाचा करार सह्यांसाठी मांडला गेला, जैवविविधतेचाही मांडला गेला. जंगलांच्या वाट्याला जो कागद आला, त्याचं नुसतं नाव वाचताना धाप लागते : 'सर्व प्रकारच्या वनांचं व्यवस्थापन, संवर्धन आणि शाश्वत विकास यांविषयी जागतिक सहमती व्हावी म्हणून केलेलं, कायद्याने बंधनकारक नसलेलं, तत्त्वांचं अधिकृत निवेदन'. बंधन नाही ही गोष्ट शेवटच्या पानावर बारीक टायपात दडवलेली नाही, ती थेट नावात घातली आहे. बारशाच्या दिवशीच पाळण्याशी उभं राहून 'याला दात येणार नाहीत' असं सांगून टाकावं, तसा प्रकार.

दात का आले नाहीत, याची एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. श्रीमंत देशांना, विशेषतः थोरल्या बुश यांच्या अमेरिकेला, जंगलांसाठी स्वतंत्र करार हवा होता. मलेशियाने आणि भारताने तो अडवला. गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. मलेशियाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद जे विचारत होते ते रास्त होतं. तुमची जंगलं तुम्ही कधीच कापून संपवलीत. आता धूर तुमच्या कारखान्यांचा आणि तो शोषून घ्यायला झाडं आमची, हा कुठला न्याय? आणि जंगलाच्या कराराचा आग्रह धरणारी हीच अमेरिका हवामानाच्या करारात उत्सर्जन कपातीचे बंधनकारक आकडे नकोत म्हणून अडून बसली होती; जैवविविधतेच्या करारावर तर बुश यांनी सहीच केली नाही. दुसऱ्याच्या अंगणातल्या झाडावर कायदा हवा, आपल्या धुराड्यावर नको.

पण महाथीरांच्याच देशात, सारावाकच्या जंगलात, पेनान आदिवासी १९८७ साली लाकूडतोड करणाऱ्या कंपन्यांचे रस्ते अडवून उभे राहिले होते. त्यावर वनकायद्यात दुरुस्ती झाली ती अशी, की लाकूड वाहून नेणारा रस्ता अडवणं हाच गुन्हा ठरला. रिओत परक्यांसमोर छाती काढून उभं राहिलेलं सार्वभौमत्व घरी पेनानांच्या हातात बेड्या घालत होतं. 'जंगल आमचं आहे' या वाक्यातल्या 'आमचं'मध्ये जंगलात राहणारा माणूस कधी धरायचा आणि कधी वगळायचा, हे ज्याला ठरवता येतं त्याच्या हाती सत्ता. श्रीमंत उत्तर आणि गरीब दक्षिण यांच्या भांडणात हा तिसरा पक्ष कायम दाराबाहेर राहतो, आणि जागतिक वनधोरणाची सगळी मेख मला तिथेच दिसते.

कायदा मऊ राहिला म्हणून वचनांचं पीक काही थांबलं नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कला जाहीर झालं, की नैसर्गिक जंगलांचा ऱ्हास २०२० पर्यंत निम्म्यावर आणू आणि २०३० पर्यंत थांबवू. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत उत्साहाच्या भरात २०२० पर्यंतच जंगलतोड थांबवण्याचं लिहिलं गेलं. २०२० आलं आणि गेलं. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत १४० हून अधिक देशांनी पुन्हा २०३० ची तारीख दिली. भारताने त्यावर सही केली नाही. आणि २०२४ साली उष्ण कटिबंधातलं ६७ लाख हेक्टर मूळ जंगल नाहीसं झालं. उपग्रहांवरून ही मोजणी सुरू झाल्यापासूनच्या वीसेक वर्षांतला हा सर्वांत मोठा आकडा, आणि त्यातलं जवळजवळ निम्मं आगींनी गेलं. वचन मोडल्याबद्दल कुणाला दंड झाला नाही, कुणाला कोर्टाची पायरी चढावी लागली नाही, कुणाचं कर्ज महागलं नाही. बोलाचाच भात, बोलाचीच कढी.

यावर एक शहाणा प्रतिवाद ठरलेला असतो : आंतरराष्ट्रीय कायद्याला दात नसतातच, देश सार्वभौम आहेत, कोण कुणाला धरून मारणार? हे मला पटत नाही. दात असतात, फक्त ते कुठे उगवावेत हे ठरवलेलं असतं.

कोलंबियात अँडीजच्या माथ्यावर सांतुर्बान नावाचा पारामो आहे. धुकं धरून ठेवणारं आणि खालच्या शहरांना पाणी पुरवणारं हे उंचावरचं गवताळ रान; काटेकोर बोलायचं तर हे जंगल नव्हे, पण उदाहरण चपखल आहे. २०१६ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने पारामोंत खाणकामाला दिलेल्या सवलती रद्द केल्या. एका कॅनेडियन सोनेखाण कंपनीने त्यावर कोलंबिया-कॅनडा मुक्त व्यापार कराराखाली आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली. पर्यावरण वाचवण्यासाठी सरकारने केलेल्या उपायांना त्या करारात रीतसर अपवाद आहे. २०२१ मध्ये लवादाने सांगितलं, की अपवाद असला तरी भरपाईतून सुटका नाही, आणि कोलंबियाने गुंतवणूकदाराला दिलेलं वचन मोडलं आहे. २०२४ मध्ये भरपाईची रक्कम शून्य ठरली, हे खरं. पण एका देशाला आपलं पाणी वाचवल्याबद्दल वर्षानुवर्षं, अशाच आणखी कंपन्यांचे दावे धरून, तीन लवादांसमोर सफाई द्यावी लागली, हेही खरंच. लवादाचे असे निवाडे वसूल करण्यासाठी १९५८ चा न्यूयॉर्क करार आहे, १९६५ चा वॉशिंग्टन करार आहे. हरलेल्या देशाची परदेशातली मालमत्ता शोधून तिच्यावर टाच आणता येते. म्हणजे सार्वभौम देशांना बांधणारा कायदा माणसांना लिहिता येतो. तो त्यांनी लिहिलाही आहे. फक्त त्यात आत येऊन दाद मागण्याचा हक्क गुंतवणूकदाराला आहे. पारामोखालच्या शहरांना नाही.

सत्ता कायद्यात येते ती बहुतेकदा व्याख्येच्या दारातून. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या लेखी जंगल म्हणजे अर्ध्या हेक्टरहून मोठी जागा, पाच मीटरहून उंच झाडं आणि दहा टक्क्यांहून जास्त जमिनीवर झाडांच्या फांद्यांचं छत्र. या व्याख्येत रबराची लागवड जंगल ठरते, तेलताडाची ठरत नाही. सपाट कापून काढलेली जमीनही, पुन्हा झाडं लावायची आहेत असं म्हटलं की, 'तात्पुरती वृक्षहीन' या नावाखाली जंगलातच मोजली जाते. हवामानबदलाविषयीच्या क्योटो कराराच्या नियमांत तर देशांना मुभाच होती : छत्र दहा ते तीस टक्के, उंची दोन ते पाच मीटर, यांतले आपल्याला सोयीचे आकडे निवडा. संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार गेल्या दशकात दर वर्षी १ कोटी ९ लाख हेक्टर जंगल तोडलं गेलं, पण निव्वळ घट निघते जेमतेम ४१ लाख हेक्टर. मधला फरक भरून काढला तो नव्या लागवडीने आणि आपोआप उगवलेल्या रानाने. हजार वर्षांचं अरण्य वजा, सहा वर्षांची निलगिरी अधिक, आणि बेरीज जुळते. हिशेबात चूक नाही. हिशेब कुणी मांडला, एवढाच प्रश्न आहे.

हीच हिशेबाची भाषा पुढे धोरण झाली. क्योटो कराराखाली नवी झाडं लावली तर कार्बनची श्रेयपत्रं, म्हणजे विकता येणारी कार्बन क्रेडिट्स, मिळत, उभं जंगल राखलं तर काही नाही. २००५ मध्ये माँट्रियलच्या हवामान परिषदेत पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका यांनी विचारलं, की न तोडलेल्या जंगलाला मोल का नसावं? प्रश्न दक्षिणेतून आला होता आणि त्यात स्वाभिमान होता. २००७ मध्ये बालीत अमेरिका आडमुठेपणा करत असताना पापुआ न्यू गिनीचे प्रतिनिधी केविन कॉनरॅड यांनी भर सभेत सुनावलं, की नेतृत्व करायचं नसेल तर बाकीच्यांवर सोडा आणि वाटेतून बाजूला व्हा. थोड्याच वेळात अमेरिकेने माघार घेतली. तिथून 'रेड प्लस' ही योजना रुजली : जंगलतोड कमी करा, वाचलेल्या कार्बनच्या टनामागे पैसे घ्या.

अडचण अशी, की हे न घडलेल्या गोष्टीचं बिल आहे. योजना नसती तर किती झाडं पडली असती, याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्ष पडली त्यांच्याशी ताडून पाहायचा. अंदाज जितका भीषण, तितकी कमाई जास्त. तो बांधणारा, तपासणारा आणि विकणारा, या तिघांचंही हित अंदाज फुगण्यातच. जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनच्या गार्डियनने आणि जर्मनीच्या दी त्साइटने मिळून केलेल्या शोधपत्रकारितेत असा आरोप झाला, की सर्वांत मोठ्या प्रमाणन संस्थेने मान्य केलेल्या वर्षावनांच्या श्रेयपत्रांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रत्यक्ष कपातीचा पुरावा देत नाहीत. संस्थेने आरोप फेटाळला, पद्धतीवर वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. नव्वद टक्के की पन्नास, यात मला फारसा रस नाही. ज्या वस्तूचं अस्तित्वच अंदाजावर आहे ती विकत घेऊन कुणी तरी खराखुरा धूर सोडण्याची मुभा मिळवतो, हे मला जास्त खटकतं.

नॉर्वेचं काय, असं कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं. त्या देशाने श्रेयपत्रं बाजारात विकायची न ठेवता सरळ पैसे दिले. २००८ मध्ये ब्राझीलच्या ॲमेझॉन निधीला, २०१० मध्ये इंडोनेशियाला, प्रत्येकी एक अब्ज डॉलरपर्यंतचं आश्वासन. २०२१ मध्ये गॅबनला १ कोटी ७० लाख डॉलर मिळाले. नॉर्वेची नियत मला वाईट वाटत नाही. पण तेल आणि वायू विकून श्रीमंत झालेला देश जंगल राखणाऱ्याला टनामागे पाच डॉलर देतो, दर तोच ठरवतो, मोजमापाच्या अटी तोच ठरवतो, आणि उपकार म्हणून त्याचंच नाव होतं, यात काही तरी उलटं आहे. इंडोनेशियाने २०२१ मध्ये करार मोडला तो याच कारणाने : अकरा वर्षं एक अब्जाचा गाजावाजा चालू होता, आणि निकालांवर आधारलेला जेमतेम ५.६ कोटी डॉलरचा पहिला हप्ताही हाती पडत नव्हता. जकार्तानेही निधीची यंत्रणा उभी करायला वर्षं घालवली होती, तेव्हा दोष एकाच बाजूचा नाही. पुढच्या वर्षी नवा करार झाला.

इक्वेडोरने तर पैसे मागून पाहिले. यासुनीच्या जंगलाखालचं तेल आम्ही काढत नाही, त्याच्या किमतीच्या निम्मे, म्हणजे ३.६ अब्ज डॉलर जगाने द्यावेत, असा प्रस्ताव राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेआ यांनी २००७ मध्ये मांडला. जगाने तोंडाला पानं पुसली. सहा वर्षांत जमले सुमारे १ कोटी ३० लाख. २०१३ मध्ये कोरेआंनी प्रस्ताव गुंडाळला आणि २०१६ मध्ये तेल काढायला सुरुवात झाली. पण गोष्ट तिथे संपली नाही. तिथल्या तरुण कार्यकर्त्यांनी सह्या गोळा केल्या, त्या नाकारल्या गेल्या, ते कोर्टात लढले, आणि दहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, सार्वमत घ्यायला लावलं. ५९ टक्के मतदारांनी सांगितलं, तेल जमिनीतच राहू द्या. आपल्याच देशाचं उत्पन्न बुडेल हे माहीत असून सांगितलं. अंमलबजावणी रखडत चालली आहे, सरकारला विहिरी बंद करायची घाई नाही. तरीही जगाच्या दयेने जे झालं नाही ते घरच्या राज्यघटनेतल्या एका तरतुदीने घडवलं, ही बाब मला कुठल्याही निधीपेक्षा मोठी वाटते.

ब्राझीलही तेच सांगतो. २००४ मध्ये ॲमेझॉनमध्ये एका वर्षात सुमारे २७,७०० चौरस किलोमीटर जंगल कापलं गेलं. २०१२ मध्ये हा आकडा ४,६०० च्या आसपास आला. हे कार्बनच्या बाजाराने केलं नाही. मरीना सिल्वा पर्यावरणमंत्री असताना आखलेल्या योजनेने केलं : उपग्रहांवरून जवळजवळ रोजची नजर, मागोमाग धाडी, संरक्षित क्षेत्रं, आदिवासी भूमींच्या आखलेल्या सीमा. आणि २००८ मध्ये मध्यवर्ती बँकेचा एक रुक्ष ठराव, की जमिनीचे कागद आणि पर्यावरणाच्या अटी नीट नसतील तर ॲमेझॉनमध्ये शेतीकर्ज नाही. जंगल तोडणाऱ्याची कुऱ्हाड उधारीवर चालते, उधारी थांबली. नंतर २०१२ च्या वनसंहितेने जुन्या बेकायदा तोडीला माफी दिली. २०१९ मध्ये बोल्सोनारो सरकारने ॲमेझॉन निधीच्या समित्याच बरखास्त केल्या आणि जंगलतोडीचे आकडे सांगणाऱ्या अवकाश संस्थेचे प्रमुख रिकार्दो गाल्वाओ यांना पदावरून काढलं. आरसा खोटा, म्हणून आरसाच फोडला. २०२१ मध्ये आकडा १३,००० वर गेला, लुला पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर २०२४ मध्ये ६,३०० च्या खाली आला. आलेख पाहिला की निवडणुकांच्या तारखा वाचता येतात, आणि माझ्या युक्तिवादातली कच्ची जागाही इथेच दिसते : घरचा कायदा घरच्या सत्तेसोबत उलटतो. म्हणून तर बाहेरचा कायदाही हवा.

बाहेरून आलेला, खरोखर चावणारा कायदा सध्या एकच आहे, युरोपीय संघाचा. २०२३ च्या या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा गुरांचा माल, कोको, कॉफी, तेलताड, रबर, सोया आणि लाकूड युरोपच्या बाजारात येऊ शकत नाही. शेताचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. ब्राझील, इंडोनेशिया, मलेशिया याला हरित वसाहतवाद म्हणतात. काही अंशी आहेच. नियम ब्रसेल्समध्ये लिहिला, मोजणीचा खर्च मात्र दोन हेक्टरवाल्या कोको-शेतकऱ्याच्या डोक्यावर. २०२५ मध्ये संघाने देशांची वर्गवारी केली तेव्हा 'जास्त धोक्याचे' ठरले फक्त चार : रशिया, बेलारूस, उत्तर कोरिया, म्यानमार. ही यादी वनखात्याने केली की परराष्ट्र खात्याने, असा प्रश्न कुणालाही पडावा. त्यातही गंमत म्हणजे नियमाची अंमलबजावणी पुढे ढकलायला दक्षिणेतली सरकारं आणि युरोपातले लाकूड-व्यापारी एकाच सुरात ओरडले, आणि ती ढकलली गेली, एकदा नव्हे दोनदा. शत्रू म्हणवणारे दोघे जिथे हातात हात घालतात, तिथे कायद्याने कुठली तरी दुखरी नस पकडलेली असते. मी या नियमाच्या बाजूने आहे. पण त्यात मोठं भोक आहे. माल 'उत्पादक देशाच्या कायद्यानुसार' असावा, ही अट आदिवासींच्या जमीनहक्कालाही लागू होते. आता त्या देशाच्या कायद्यात तो हक्कच नसेल, तर मोडायलाही काही उरत नाही.

आणि बहुतेक ठिकाणी तो नसतो. १८७० मध्ये डचांनी इंडोनेशियात फर्मान काढलं, की ज्या जमिनीची मालकी कुणाला सिद्ध करता येत नाही ती सरकारची. ज्यांच्याकडे लेखी कागद नव्हतेच त्यांना कागद दाखवायला सांगितलं. फ्रेंचांनी आफ्रिकेत 'ओसाड आणि बेवारस' हा शब्दप्रयोग वापरून तेच केलं. झेंडे बदलले, वनखाती तीच राहिली. २०१३ मध्ये इंडोनेशियाच्या घटनात्मक न्यायालयाने वनकायद्याच्या एका वाक्यातून एक शब्द वगळला : परंपरागत जंगलं ही 'सरकारी' जंगलं होत, यातला 'सरकारी'. एका शब्दाला स्वातंत्र्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ लागला. त्यानंतर प्रत्यक्ष मान्यता मिळालेलं क्षेत्र मात्र, लोकांनी स्वतः नकाशे करून मागितलेल्या जमिनीच्या मानाने फारच थोडं.

२०२५ च्या नोव्हेंबरात ब्राझीलमधल्या बेलेमच्या हवामान परिषदेत, ॲमेझॉनच्याच तोंडाशी, जंगलांसाठी नवा निधी जाहीर झाला. उद्दिष्ट १२५ अब्ज डॉलर. उभ्या जंगलाला हेक्टरी चारेक डॉलर, त्यातला पाचवा हिस्सा आदिवासी आणि स्थानिक समुदायांना. हा हिस्सा लिहून ठेवला ही चांगली गोष्ट. पण रचना पाहा : पैसे रोख्यांत गुंतवायचे, आधी गुंतवणूकदारांचं देणं भागवायचं, मग जे उरेल ते जंगलाला. रांगेत शेवटी कोण उभं आहे, ते सांगायला नको. जंगलतोड संपवण्याचा आराखडा मात्र परिषदेच्या अधिकृत ठरावात आलाच नाही. तो आम्ही बाहेर करू, असं यजमानांनी सांगितलं. त्याआधी जुलैत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, हवामान राखणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, असं मत एकमताने दिलं होतं. वानुआतूसारख्या चिमुकल्या बेटांनी ते मिळवलं. मतच आहे, हुकूम नाही. पण वकिलांच्या हाती ते लागलं आहे आणि देशोदेशीच्या कोर्टांत ते वाचलं जाईल.

माझी मागणी निधीची नाहीच. जंगलात राहणाऱ्या समूहाला त्याच्या जमिनीचा सामूहिक हक्क कागदावर हवा, नको म्हणण्याचा अधिकार हवा, आणि तो डावलला गेला तर गुंतवणूकदाराला जसा सरळ आंतरराष्ट्रीय लवादाचा दरवाजा उघडा असतो तसा दरवाजा हवा. यात क्रांतिकारक काही नाही. सोनेखाणीला जे मिळालं आहे तेच मागतो आहे.

केनियाच्या माऊ जंगलातले ओगिएक लोक मध गोळा करून राहतात. २००९ मध्ये त्यांना तीस दिवसांत जंगल सोडण्याची नोटीस आली. कारण दिलं, जंगल वाचवायचं आहे. आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने मे २०१७ मध्ये सांगितलं, की जंगलाची हानी ओगिएकांनी केल्याचा पुरावा सरकारला देता आला नाही, आणि त्यांचा जमिनीवरचा हक्क मोडला गेला आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्याचं एका आंतरराष्ट्रीय न्यायालयाने लिहून दिलं. जून २०२२ मध्ये भरपाईचा निकाल आला : सुमारे १५ कोटी ८० लाख केनियन शिलिंग, आणि दोन वर्षांच्या आत सीमा आखून जमिनीचा सामूहिक पट्टा. नोव्हेंबर २०२३ मध्ये माऊमधल्या ओगिएकांची घरं पुन्हा पाडली गेली, पुन्हा जंगलाच्याच नावाने. दोन वर्षांची मुदत जून २०२४ मध्ये संपली. एखाद्या कंपनीच्या हातात असा थकलेला लवादी निवाडा असता, तर तिचे वकील एव्हाना लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये सरकारची बँक खाती शोधत फिरत असते.